‘एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन’ बंद का झाला?

१ जुलै २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन’चे सर्व्हर बंद केले. १६ ऑगस्ट २०११ ला आलेला हा पीसी गेम तीन वर्षंही टिकला नाही. गेम वाईट होता म्हणून तो बंद झाला असं मात्र नाही. नवं कंटेंट बनवायचा खर्च आणि त्यातून येणारा पैसा यांचा मेळ बसला नाही, हे त्यामागचं मुख्य कारण.

गेम नेमका कसा होता?

मूळ ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा स्ट्रॅटेजी गेम. अन्न, लाकूड, सोनं गोळा करायचं, सैन्य उभं करायचं आणि शत्रूचा पाडाव करायचा. मॅच संपली की पुढच्या मॅचला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

ऑनलाइन आवृत्तीत याला रोलप्लेइंगची जोड दिली होती. तुमची एक कायमची राजधानी असायची. क्वेस्ट पूर्ण केले की लेव्हल वाढायची, नवं तंत्रज्ञान खुलायचं आणि सैनिकांसाठी गिअर मिळायचं. मॅच संपली तरी ही कमाई तुमच्याकडेच राहायची.

गेमची सुरुवात रोबोट एंटरटेनमेंटने केली. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये मूळ मालिकेचा एन्सेम्बल स्टुडिओ बंद केल्यावर तिथल्याच काही लोकांनी ही कंपनी काढली होती. २०११ मध्ये काम गॅस पॉवर्ड गेम्सकडे गेलं.

कुठे चुकलं?

१. पैसे घेण्याची पद्धत. गेम फुकट होता, पण पूर्ण संस्कृती, म्हणजे ग्रीक किंवा इजिप्शियन, हवी तर प्रत्येकीचे साधारण २० डॉलर मोजावे लागत. फुकट खेळणाऱ्याला दुर्मीळ गिअर मिळालं तरी ते वापरता येत नसे. त्यामुळे तो वैतागायचा. दुसरीकडे, एकदा पैसे भरलेल्याला पुन्हा खर्च करावा असं फारसं काही नव्हतं. २०१२ मध्ये ‘एम्पायर पॉइंट्स’ आले आणि खेळूनही प्रीमियम गोष्टी मिळवता येऊ लागल्या. पण तोवर बरेच खेळाडू निघून गेले होते.

२. महागडं कंटेंट. प्रत्येक क्वेस्टसाठी नकाशा, शत्रूची चाल आणि बक्षिसं बनवावी लागतात. नवी संस्कृती आणायची तर सैनिक, इमारती, ॲनिमेशन, आवाज आणि सगळ्यांचा समतोल हे काम वेगळंच. टीम महिनोन्‌महिने राबते आणि खेळाडू ते काही दिवसांत संपवून ‘पुढे काय?’ विचारतो. पर्शियन, केल्ट, बॅबिलोनियन, नॉर्स अशी भर पडत राहिली. अखेर जानेवारी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की हा खर्च आता परवडत नाही, नवं कंटेंट येणार नाही. गेम फक्त चालू ठेवला गेला.

३. दोन प्रकारचे खेळाडू. स्ट्रॅटेजीवाल्याला बरोबरीची लढत हवी असते. रोलप्लेइंगवाल्याला वाटतं, एवढ्या मेहनतीने मिळवलेल्या गिअरचा लढाईत फायदा व्हायलाच हवा. एकाच सामन्यात दोघांना खूश ठेवणं अवघड. गिअरशिवाय लढण्याची सोय नंतर दिली गेली.

४. दुसऱ्या सेवेवर अवलंबून. गेम ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ या मायक्रोसॉफ्टच्या सेवेला जोडलेला होता. तिचं ऑनलाइन दुकान ऑगस्ट २०१३ मध्ये बंद झालं.

एकट्याने खेळायचे क्वेस्टही का गेले?

कारण राजधानी, लेव्हल, गिअर हे सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर नव्हतं, सर्व्हरवर होतं. सर्व्हर गेला की फाइल्स असूनही गेम चालत नाही. याउलट १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ सीडीवरून, इंटरनेटशिवाय खेळता यायचा. त्याला कंपनीच्या सर्व्हरची गरजच नव्हती.

२०१७ मध्ये चाहत्यांनी ‘प्रोजेक्ट सेलेस्ट’ नावाने स्वतःचा सर्व्हर उभारून गेम पुन्हा सुरू केला. जुन्या राजधान्या मात्र परत आल्या नाहीत, सगळ्यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

तुमच्या मोबाईलवरच्या गेमचं काय?

हाच प्रश्न तुमच्या स्किन्स आणि हिऱ्यांनाही लागू होतो. पैसे टाकण्याआधी हे तपासा:

- फोन एअरप्लेन मोडवर टाकून गेम उघडा. उघडलाच नाही, तर तो सर्व्हरवर अवलंबून आहे असं समजा.
- प्ले स्टोअरवर शेवटचा अपडेट कधी आला ते बघा.
- तेच ते इव्हेंट फिरून येत असतील किंवा ॲपमधली खरेदी बंद झाली असेल, तर सावध व्हा.
- अटी वाचा. बहुतेक ठिकाणी तुम्ही वस्तू विकत घेत नाही, ती वापरायची परवानगी घेता. कंपनी ती काढूनही घेऊ शकते.

म्हणून उद्या गेम बंद झाला तरी हळहळ वाटणार नाही, एवढेच पैसे त्यात घाला.