रत्नागिरी शहर व परिसर

महाराष्ट्राच्या कोकण विभागातील एक ऐतिहासिक बंदर आणि रत्नागिरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. ७६ हजार (२०११). हे मुंबईच्या दक्षिणेस सडकेने सु. ३४० किमी. व कोल्हापूरच्या पश्चिमेस सु. १३० किमी. अंतरावर, अरबी समुद्राच्या काठी वसले आहे. शहराच्या दक्षिणेस काजळी नदीची भाट्ये खाडी, वायव्येस समुद्रात शिरलेले रत्नदुर्गाचे भूशिर आणि पूर्वेस जांभ्या खडकाचे विस्तीर्ण पठार आहे. पूर्वेकडील सह्याद्रीने देशाशी दळणवळण अवघड केले. पश्चिमेकडील समुद्राने ते सुलभ केले, पण वर्षाचे आठ महिनेच. पावसाळ्यात गलबते व आगबोटी बंद होत आणि गाव जगापासून तुटे. खुले बंदर आणि एकाकी स्थळ या दोन परस्परविरोधी गुणांनी या शहराचा इतिहास घडविला आहे.

इतिहास : रत्नदुर्गाची प्रथम बांधणी बहमनी काळात झाली असे मानतात. पुढे हा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. छत्रपती शिवाजी महाराजांनी तो १६७० मध्ये घेऊन मजबूत केला. त्यानंतर तो आंग्रे व पेशवे यांच्या ताब्यात होता आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे आला. घोड्याच्या नालेसारखा आकार असलेल्या या किल्ल्याच्या तिन्ही बाजूंस समुद्र आहे. बालेकिल्ला, दीपगृहाची टेकडी व पेठ किल्ला असे त्याचे तीन भाग पडतात. बालेकिल्ल्यातील भगवती देवीचे मंदिर आजही गजबजलेले असते. किल्ल्याच्या आडोशाने मिरकरवाड्याचे बंदर सुरक्षित झाले असून ते कोकणातील मासेमारीचे एक प्रमुख केंद्र आहे.

मराठी सत्तेच्या अस्तानंतर दक्षिण कोकणाचा कारभार प्रथम बाणकोटहून चाले. तथापि जिल्ह्याच्या मध्यभागी असल्याने लवकरच रत्नागिरी हे मुख्य ठिकाण झाले. कचेऱ्या, न्यायालय, शाळा व तुरुंग यांमुळे मच्छीमारांच्या व व्यापाऱ्यांच्या या वस्तीस नोकरदार व वकील वर्गाची जोड मिळाली. लोकमान्य टिळकांचा जन्म येथेच २३ जुलै १८५६ रोजी एका शिक्षकाच्या घरी झाला. त्यांचे जन्मस्थान स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे.

सत्तेच्या दृष्टीने या गावाचा एकाकीपणा विशेष उपयोगी होता. १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात पदच्युत झालेला ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास प्रथम मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. रेल्वेपासून दूर, घाटाने अडविलेल्या आणि पावसाळ्यात सागरी मार्गही बंद होणाऱ्या या गावी त्याचा स्वदेशाशी संपर्क राहणे दुरापास्त होते. आरंभीची सु. चोवीस वर्षे त्याने बंगल्यांत काढली. समुद्र व खाडी दृष्टिपथात येईल अशा उंचवट्यावर त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० च्या अखेरीस राहावयास गेला. जांभ्याच्या तांबूस भिंती, उतरती छपरे आणि नक्षीदार लाकूडकाम यांमुळे ही वास्तू उठून दिसते. डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचे येथेच निधन झाले. त्याच्या अवशेषांची समाधी शहरात आहे. राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ मध्ये येथेच निवर्तली. तिची कन्या स्थानिक समाजात मिसळून मराठी झाली. दिल्लीचा अखेरचा बादशाह बहादुरशाह जफर रंगूनमध्ये कैदेत मरण पावला (१८६२) आणि ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा कोकणात. एकाच साम्राज्याने दोन राजांची अशी अदलाबदल केली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी थिबाच्या समाधीस भेट दिली. राजवाड्यात आता शासकीय वस्तुसंग्रहालय आहे.

स्थानबद्धतेचे दुसरे उदाहरण वि. दा. सावरकर यांचे. अंदमानातून आणल्यावर १९२१ पासून काही काळ ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या व राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली आणि हे निर्बंध १९३७ पर्यंत टिकले. या काळात त्यांनी अस्पृश्यतानिवारण, सहभोजने इ. सामाजिक कार्य केले. भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभारलेले पतितपावन मंदिर (१९३१) सर्व जातींच्या हिंदूंना खुले होते.

इतरांना येथे आणून ठेवले जात असता या जिल्ह्याची तरुण पिढी मात्र बाहेर पडत होती. अपुरी शेतजमीन व उद्योगधंद्यांचा अभाव यांमुळे असंख्य कुटुंबांतील पुरुष आगबोटीने मुंबईस जाऊन गिरण्यांत व गोदीत काम करीत. घरी येणारी मनीऑर्डर हाच गावाकडील संसाराचा आधार असे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली आणि शहराचा जुना एकाकीपणा संपला. या मार्गावरील करबुडे बोगदा (सु. ६·५ किमी.) व पानवल नदीवरील ६४ मी. उंचीचा पूल हे दोन्ही रत्नागिरीच्या जवळच असून, ज्या भूरचनेने गावास अलग ठेवले होते तिचा प्रत्यय त्यांवरून येतो.

निसर्ग : वार्षिक सरासरी पर्जन्य ३०० सेंमी. पेक्षा अधिक असून तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. शहराच्या किल्ल्यालगतच्या एका बाजूस पांढरी वाळू, तर मांडवीच्या बाजूस काळसर वाळू आढळते. या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टिटॅनियमचे खनिज असते. खाड्यांच्या काठी खारफुटीची वने असून मासे व कोळंबी यांच्या पिलांना त्यांत आसरा मिळतो. भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र (१९५५) आहे.

हापूस आंब्यामुळे रत्नागिरीचे नाव सर्वदूर पोहोचले. पोर्तुगीजांनी गोव्यात कलमे बांधण्याची पद्धत रुजविली आणि आफोंसो द आल्बुकेर्क याच्या नावावरून या जातीस नाव मिळाले, असे मानतात. काजूही पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. याच सागरी मार्गांनी आंबा उलट दिशेने गेला व १७८२ मध्ये हिंदी महासागरातून कॅरिबियन समुद्रातील जमेका बेटावर पोहोचला. कोकणाच्या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

परिसराचे खरे वैशिष्ट्य म्हणजे जांभ्या खडकाचे सडे. बेसाल्ट खडकाची उष्ण व दमट हवामानात दीर्घकाळ झीज होऊन लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली आणि हा सच्छिद्र, तांबूस खडक तयार झाला. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवेत टणक होतो. म्हणून त्याचे चिरे कापून घरे, देवळे व किल्ल्यांचे तट बांधले गेले. पावसाचे पाणी सड्यात मुरून पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. उन्हाळ्यात करपलेला दिसणारा कातळ पावसाळ्यात गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांसारख्या फुलांनी झाकला जातो. दीपकाडी ही पांढऱ्या फुलांची, कोकणापुरतीच मर्यादित असलेली वनस्पती याच कातळावर वाढते.

कातळशिल्पे : याच सड्यांवर प्राचीन मानवाने माणसे, पशुपक्षी, मासे आणि भौमितिक आकृती कोरलेल्या आहेत. काही थोडी शिल्पे पूर्वीपासून माहीत होती. २०१२ नंतर सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांचे सहकारी यांनी गावोगाव गुराखी व शेतकरी यांच्याकडे चौकशी करीत पद्धतशीर शोध घेतला आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हजाराहून अधिक आकृती उजेडात आल्या. रत्नागिरी तालुक्यातील उक्षी येथील हत्ती आणि राजापूर तालुक्यातील कशेळी येथील, पोटात अनेक लहान आकृती असलेला प्रचंड हत्ती हे विशेष प्रसिद्ध आहेत. आज कोकणात न आढळणाऱ्या गेंड्यासारख्या प्राण्याचीही आकृती त्यांत आहे. त्यांच्या काळाविषयी मतैक्य नाही. तथापि त्यांची परंपरा मध्याश्मयुगापर्यंत मागे नेणारे मत बळावत आहे. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, जांभरूण, उक्षी, कुडोपी व गोव्यातील फणसाईमळ ही स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली.

महसुली नोंदींत मात्र पुष्कळसा कातळ लागवडीस निरुपयोगी, म्हणजे पोटखराब, म्हणून दाखविलेला असतो. त्यामुळे चिऱ्याच्या खाणी, रस्ते, इमारती आणि सुरुंगांनी खड्डे पाडून, बाहेरून माती आणून केलेल्या आंबाबागा यांसाठी तो सहज उपलब्ध होतो. यांपैकी चिरा व आंबा हे तर स्थानिकांच्या उपजीविकेचेच साधन आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ मनाईने सुटणारा नाही. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्प योजिल्यावर २०२३ मध्ये तेथील माती-परीक्षणास ग्रामस्थांनी मोठा विरोध केला, तर रोजगाराच्या आशेने काहींनी प्रकल्पास पाठिंबा दिला. उक्षी येथे गावकऱ्यांनी शिल्पाभोवती संरक्षक कठडा उभारला, हे उदाहरण उद्बोधक आहे.

रत्नागिरीस येणारा प्रवासी बहुधा किल्ला, थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान व समुद्रकिनारा पाहतो आणि उत्तरेस गणपतीपुळे व दक्षिणेस पावस येथे जातो. या दोन्ही वाटा सड्यांवरूनच जातात. शहराचा लिखित इतिहास किल्ल्यापासून, म्हणजे काही शतकांपूर्वी सुरू होतो. सड्यावरील नोंद त्याहून कितीतरी जुनी आहे. परंतु किल्ल्याचा तट ढासळल्यास तो पुन्हा बांधता येतो, तसा फोडलेला कातळ पूर्ववत करता येत नाही.