मावळातले घर

भोरला आलेला पाहुणा पंतसचिवांचा राजवाडा पाहिल्याखेरीज सहसा परतत नाही. तो १८६९ सालचा. त्याच्या थाटात मराठी चौकाबरोबर विलायती वळणही दिसते. माझा पाय मात्र भोर-वेल्ह्याच्या साध्या शेतकरी घरांपाशीच अधिक रेंगाळतो. (वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणतात, पण जिभेवर अजून जुनेच नाव बसले आहे.)

या घरांचा खरा गवंडी पाऊस. देशावरचे सपाट माळवद इथे तग धरायचे नाही. म्हणून उतरती पाखी आणि भिंतीच्या पुढे आलेल्या वळचणी. जोते दगडाचे. खांब मातीत न रोवता दगडी तळखड्यावर उभे करतात, त्यामुळे ओल आणि वाळवी दोहोंना वर चढायला उशीर लागतो. साऱ्या छपराचा भार खांब-तुळयांवर. भिंत केवळ आडोशाला, म्हणून ती कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेलीही चालते. घर मोजायचे तेही खणांनी : दोन खांबांमधले अंतर तो एक खण. पुढे ओसरी, आत माजघर, बाजूला गोठा आणि वर माळा. चुलीचा धूर माळ्यावर फिरून कौलांतून बाहेर पडतो. बियाण्याची कीड हटते, वासे काळेभोर होऊन टिकतात. डोळे चुरचुरतात ते घरच्या बाईचे!

देशमुख-पाटलांच्या घरी धान्याबियाण्याच्या जोडीला आणखी एक वस्तू जपलेली असे : रुमालात बांधलेले दप्तर. भोरजवळचे कारी हे कान्होजी जेध्यांचे गाव. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा कान्होजींनी वतनावर पाणी सोडून शिवाजीमहाराजांची बाजू धरली. याच घराण्याने सांभाळलेली शकावली पुढे लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. तोवर शिवजन्म शके १५४९ मधला मानीत. शकावलीत निघाली शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. सरकारी शिवजयंती आज याच तारखेला होते.

आता ही घरे उतरवून स्लॅब पडत आहेत. त्याला माझी हरकत नाही. गळक्या कौलांखाली राहणाऱ्याला मी काय सांगणार? पण जुन्या खांबांना गिऱ्हाईक मिळते, रुमालाला कोण विचारतो? या दिवाळीत गावी गेलात, तर शिडी लावून एकदा माळ्यावर चढा. मोडी वाचता आली नाही तरी चालेल. रुमाल तेवढा खाली आणून कोरड्या जागी ठेवा.