वाघीणभर पाणी आणि गाडीचा फेस

मराठवाड्यात गाडी धुण्याची रीत बैल धुण्याच्या रीतीतून आली, असं माझं ठाम मत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, पोळ्याला बैल नदीवर, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारांची पूजा. नांगर-कुळवाच्या त्या रांगेत आधी पाण्याचं इंजिन आलं, मग ट्रॅक्टर, मग जीप. माझं माहेर नांदेडचं. वडील ट्रक चालवायचे. नवमीच्या सकाळी ते आणि त्यांच्या सोबतचे शीख ड्रायव्हर गाड्या गोदावरीच्या उतारावर घालायचे आणि नारळाच्या काथ्याने घासायचे. काथ्याचे ओरखडे उठायचे, पण ट्रकच्या त्या जाड रंगाची कुणाला फिकीर नव्हती. ग्रीस सरळ नदीत जायचं. त्याची फिकीर तरी असायला हवी होती.

लग्नानंतर लातूरला आले तेव्हा इथली रीत वेगळी दिसली. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या वाढल्या, जीप आणि ॲम्बेसेडर वाढल्या, आणि गाडी 'सर्व्हिसिंगला टाकायची' सवय लागली. सिमेंटचा रॅम्प, बोअरचं पाणी, मोठा पंप. धुऊन झालं की गंज धरू नये म्हणून खालून डिझेल मारायचं. पुढे कॉम्प्रेसर आला आणि त्याच्या हवेवर चालणारी फेसाची स्टीलची टाकी आली. पांढऱ्या फेसाखाली झाकलेली गाडी बघायला पोरं उभी राहत. आज घरोघरी मागवली जाणारी फोम गन ही त्या टाकीचीच धाकटी बहीण.

मग २०१६ आलं. लातूरला पाणी देणारं, केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमाव नको म्हणून कलम १४४ लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली 'जलदूत' रेल्वेगाडी आली : दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा सगळा मार्ग जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा. ती छोटी लाइन ब्रॉडगेज झाली नसती तर त्या वाघिणी आमच्या स्टेशनात शिरल्याच नसत्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली.

त्या उन्हाळ्यात गाडी धुणं हे आमच्या गल्लीत लाजिरवाणं काम झालं. लोक ओल्या फडक्याने काच तेवढी पुसत. माझ्या मते लातूरच्या गाडी धुण्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच, कारण तेव्हापासून इथं प्रत्येक यंत्र पाण्याच्या हिशेबाने तोलावं लागतं. मिनिटाला पंधरा लिटर सोडणारा साधा पाइप वीस मिनिटं चालला की तीनशे लिटर जातात. पन्नास हजार लिटरच्या वाघिणीत अशा जेमतेम एकशे सहासष्ट गाड्या धुऊन होतील. घरगुती प्रेशर पंप मिनिटाला साधारण सहा लिटर घेतो; दहा मिनिटांत साठ. दोन बादल्यांत तीस-चाळीस.

मग फोम गन घ्यावी का? फेसाचं खरं काम चकाकी आणणं नाही. आमच्याकडची काळी माती वाळली की तिचे कण पत्र्याला चिकटून बसतात. कोरड्या फडक्याने पुसलं की तेच कण रंगावर फिरतात आणि उन्हात कोळिष्टकासारख्या रेषा दिसतात. फेस काही मिनिटं अंगावर राहिला तर माती सुटते, थोडी खाली ओघळते आणि हात निसटता फिरतो. म्हणून फेस उपयोगाचा आहेच. पण नळाच्या पाइपला लावायची स्वस्त गन पातळ फेस देते आणि पाणीही भरपूर ओढते. प्रेशर पंपावरची घट्ट फेस देते, मात्र तिला धारेचं पाणी आणि वीज दोन्ही लागतं. नांदेडला विष्णुपुरी धरणाचं पाणी आहे. तिथल्या माझ्या भावाने तो पंप घेतला, ते मी समजू शकते. आमच्या नळाला आजही रोज पाणी येत नाही. मी हाताने हवा भरायचा दोन लिटरचा फवारणी पंप वापरते. फेस जरा ओला पडतो, काम मात्र होतं.

बोअरचं पाणी जड. साधा साबण त्यात फुटतो, गाडीचा शाम्पू त्यातल्या त्यात फेसाळतो. क्षार शेवटच्या धुण्याला त्रास देतात : उन्हात पाणी सुकलं की पांढरे ठिपके उरतात. आरओचं टाकाऊ पाणी गाडीला वापरायची पद्धत इथं रूढ झाली आहे, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते फरशीला द्यावं. फेसापुरतं लिटरभर गोडं पाणी घ्यावं, गाडी सावलीत लावावी आणि शेवटचा हात फिरला की लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्यावं. कपड्याची पावडर नको, ती रंगावरचं मेण काढते.

आणि शेतातला पंप कितीही धुतलेला असला तरी गाडीसाठी आणू नये. सोयाबीनवर मारलेलं औषध त्याच्या नळीत आणि वॉशरमध्ये राहतं, फवारा चेहऱ्याशी येतो, लेकरं जवळ खेळत असतात. शिवाय शाम्पूचा अंश राहिलेला तोच पंप परत पिकावर जातो. नवा पंप आणावा आणि त्यावर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत 'गाडी' लिहून ठेवावं.