लोखंडावरील नाव

चर्चमध्ये पाऊल ठेवताच आपली दृष्टी वेदीकडे वळते. ती तशी वळावी यासाठीच सारी रचना केलेली असते. वेदीपुढची जाळी, प्रवचनपीठ, मेणबत्त्यांचे स्तंभ, दाराच्या बिजागऱ्या यांच्याकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. त्यांवर एखादे नाव कोरलेले आढळलेच, तर ते बहुधा देणगीदाराचे असते. ज्याने भट्टीपुढे उभे राहून ती वस्तू घडवली, त्याचे नाव शोधूनही सापडत नाही. युरोपातील घडीव लोखंडकामाचा इतिहास वाचताना आम्हांस हाच प्रश्न पुनःपुन्हा भेटत राहिला : मागणीवरून घडवलेली वस्तू कोणाची? मागवणाऱ्याची की घडवणाऱ्याची?

घडीव काम म्हणजे काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कांसे वितळवून साच्यात ओतता येते आणि साचा शाबूत असेल, तर एकासारख्या एक अनेक वस्तू निघतात. लोहाराचे तसे नसते. लोखंड लालभडक होईपर्यंत तापवायचे, सांडशीने ऐरणीवर धरायचे आणि ते निवण्यापूर्वीच्या अल्पावधीत घणाने त्याला आकार द्यायचा. निवले की पुन्हा भट्टी. एका वेलीच्या वळणासाठीही ही फेरी कितीदा तरी करावी लागते. म्हणूनच घडीव वस्तूत घडवणाऱ्याचा हात जितका उतरतो, तितका ओतीव वस्तूत सहसा उतरत नाही.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलच्या बाजूच्या दारांवर तेराव्या शतकातील बिजागऱ्या आहेत. त्यांच्या लोखंडी फांद्या, पाने आणि फुले साऱ्या दारभर पसरली आहेत. त्या घडवणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मग लोकांनी त्याला ‘बिस्कोर्ने’ हे नाव दिले आणि एक दंतकथा रचली. इतके सुंदर काम माणसाच्या हातून होणे नाही. तेव्हा या लोहाराने सैतानाला आत्मा विकला असला पाहिजे! मधल्या दारातून परमपवित्र साक्रामेंताची मिरवणूक जात असल्याने तेथे सैतानाचे काही चालले नाही, म्हणून ते दार साधे राहिले, अशी पुस्तीही कथेला जोडली गेली. त्या मधल्या दारावर आज दिसणारे लोखंडकाम एकोणिसाव्या शतकात पियेर बुलांजे याने केले. कथा मनोरंजक आहे. परंतु तिच्यातील अन्याय लक्षात घेण्याजोगा आहे. कारागिराचे नाव नोंदवले नाही, की त्याच्या श्रमांचे श्रेय सैतानालाही मिळू शकते.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठमंदिरात राणी एलेनॉरची समाधी आहे. ती मूळची कास्तीलची राजकन्या. 1290 मध्ये तिचा मृत्यू झाला. तिच्या समाधीवर बसवलेली जाळी टॉमस नावाच्या लोहाराने लेटन या गावी घडवली. तापलेले लोखंड साच्यांवर दाबून त्याने पाने-फुले उठवली आणि वर चढू पाहणाऱ्यास अटकाव व्हावा म्हणून जाळीला बाहेरच्या बाजूस बाक दिला. त्याचे नाव आपणांस कळते, ते राणीच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांच्या हिशेबवह्यांतून. जाळीने त्याला अमर केले नाही, जमाखर्चाने केले.

सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पेनमध्ये मात्र चित्र पालटले. तेथील कॅथीड्रलांत वेदी आणि कपेले यांपुढे घडीव लोखंडाच्या उंच जाळ्या उभारण्याची प्रथा होती. स्पॅनिश भाषेत त्यांना ‘रेहा’ म्हणतात. ग्रानादाच्या राजकपेलात फर्डिनंड आणि इझाबेला यांच्या समाधींपुढे अशी रेहा आहे. हाएन येथील उस्ताद बार्तोलोमे याने ती 1520 च्या सुमारास पूर्ण केली. पत्र्याला ठोकून उठाव देऊन घडवलेले प्रभूच्या दुःखसहनाचे प्रसंग तिच्या माथ्यावर आहेत आणि त्यांच्याही वर क्रूस आहे. मधोमध राजघराण्याचे भव्य मानचिन्ह झळकते. परंतु कुलपाच्या छिद्राजवळ, जेथे किल्ली लावणाऱ्याला वाकावेच लागते, तेथे लहान अक्षरांत लॅटिन लेख आहे : उस्ताद बार्तोलोमे याने मला घडवले. येथे बोलते ती जाळी. राजाचे चिन्ह ती मिरवते. साक्ष मात्र लोहाराची देते.

बुर्गोस कॅथीड्रलमध्ये कास्तीलच्या सरसेनापतीच्या घराण्याचे कपेल आहे. त्याच्या रेहेवर क्रिस्तोबाल दे आंदिनो याने आपले नाव आणि 1523 हे साल कोरले. तीनच वर्षांनी, 1526 मध्ये, दिएगो दे साग्रेदो याने वास्तुकलेवर लिहिलेल्या ग्रंथात या आंदिनोच्या कामाची प्रशंसा केली. लोहार आता विद्वानांच्या ग्रंथात जाऊन बसला.

चर्चबाहेरचे एक उदाहरण याहून बोलके आहे. जर्मनीतील आउग्सबुर्ग नगराने सम्राट रुडॉल्फ दुसरा याला पोलादाचे आसन अर्पण केले. टॉमस रुकर याने ते 1574 मध्ये पूर्ण केले. येथे घणापेक्षा छिन्नीचे काम अधिक. आसनाचा बहुतेक भाग चिमुकल्या आकृतींनी भरला आहे. दानिएलच्या ग्रंथातील नबुखद्नेस्सर राजाचे स्वप्न आणि एकामागून एक लयास जाणारी साम्राज्ये हा त्यांचा विषय. स्वीडिश सैन्याने प्रागमधून ते लुटून नेले, अठराव्या शतकात ते इंग्लंडला पोचले आणि लाँगफर्ड या गढीत स्थिरावले. रुडॉल्फचे साम्राज्य 1806 मध्ये संपुष्टात आले. मालक बदलत गेले. आसनावर घडवणाऱ्याचे नाव तसेच राहिले.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बार्तोलोमे काय किंवा आंदिनो काय, एवढी कामे कोणी एकट्याने केलेली नाहीत. भाता चालवणारे, घण मारणारे, कानस घासणारे हात निनावीच राहिले. उस्तादाचे नाव कोरले गेले, म्हणजे न्याय पुरा झाला असे नव्हे. तो सुरू झाला इतकेच.

बेनसिराच्या ग्रंथाच्या 38 व्या अध्यायात ऐरणीपाशी बसलेल्या लोहाराचे वर्णन आहे. अशा कारागिरांवाचून नगर वसत नाही, तरीही सभेत त्यांना स्थान नसते, असे तो ग्रंथकार सांगतो. 1955 साली पोप पायस बारावे यांनी 1 मे हा कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून जाहीर केला, त्यामागेही श्रमाच्या प्रतिष्ठेचाच विचार होता. हा विचार वर्षातून एक दिवस स्मरून भागणार नाही. आपल्या धर्मग्रामांच्या रौप्य आणि सुवर्ण महोत्सवांच्या स्मरणिकांत देणगीदारांच्या याद्या पानेच्या पाने भरून असतात. ते योग्यही आहे, कारण दानाचे स्मरण राहिलेच पाहिजे. त्या यादीखाली जाळी घडवणारा लोहार, बाके करणारा सुतार आणि वेदी बांधणारा गवंडी यांच्यासाठी चार ओळी राखून ठेवणे मुळीच अवघड नाही. ज्यांना ती नावे ठाऊक आहेत, अशी वृद्ध माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारून ती आजच लिहून ठेवावीत.