वचन, योजना आणि अ‍ॅप : एका कागदाचा इतिहास

"मला आत्महत्या प्रतिबंधाच्या मोबाइल अ‍ॅपवर पीएच.डी. करायचीय," असं एका ज्युनिअरने मला मध्यंतरी सांगितलं. मी त्याला म्हटलं, अ‍ॅप थोडं बाजूला ठेव, त्याच्या आत जो कागद आहे त्याचा इतिहास आधी वाच. तोच इतिहास आज तुमच्यासाठी.

सुरुवात होते एका वचनापासून. 1973 मध्ये अमेरिकेत ड्राय आणि गोल्डिंग दांपत्याने एक लेख लिहिला. 'काहीही झालं तरी मी जीव देणार नाही' असा निर्णय रुग्णाला स्वतःशी बोलता येतो का, यावरून धोका किती ते जोखायचं, अशी त्यांची कल्पना. पण पुढे दवाखान्यांत त्याचा करार झाला : लिहून द्या, सही करा. त्याने जीव वाचतात याचा भक्कम पुरावा कधी मिळाला नाही. नीट पाहिलंत तर कारण दिसेल. 'काय करणार नाही' हे त्या कागदावर होतं. रात्री दोन वाजता मन काळवंडलं तर काय करायचं, हे मात्र नव्हतं.

ही उणीव बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांच्या सुरक्षा योजनेने भरून काढली. 2012 मध्ये त्यांनी ती सविस्तर प्रसिद्ध केली. पायऱ्या सहा : मन घसरू लागल्याची स्वतःची लक्षणं, एकट्याने करता येतील असे उपाय, मन वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, डॉक्टर आणि हेल्पलाइन, आणि घरातलं वातावरण सुरक्षित करणं. सगळं रुग्णाच्या शब्दांत, पण समोर बसलेल्या समुपदेशकासोबत.

2018 मध्ये तिची मोठी परीक्षा झाली. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या 9 आपत्कालीन विभागांतले 1,640 रुग्ण अभ्यासले गेले. सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन दिसलं ते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 5.29 टक्क्यांत, तर योजना मिळालेल्यांपैकी 3.03 टक्क्यांत. आकडा दिलासा देणारा आहे, पण संशोधक म्हणून इथे थांबा. एक, रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. रुग्णालयांची तुलना होती. दोन, योजनेसोबत नंतर पाठपुराव्याचे फोनही केले जात होते. मग गुण कशाचा? कागदाचा, फोनचा, की दोन्हींचा?

हा प्रश्न डोक्यात ठेवून आता अ‍ॅपकडे या. गेल्या दशकात डेन्मार्कचं मायप्लॅन, ब्रिटनचं स्टे अलाइव्ह, ऑस्ट्रेलियाचं बियॉन्डनाऊ अशी अ‍ॅप आली. कागद हरवतो, फोन खिशात असतो, हा त्यांचा मोठा फायदा. पण कागद अ‍ॅपमध्ये गेला तसा फोन करणारा माणूस गेलाच असं नाही. व्हर्च्युअल होप बॉक्स या अ‍ॅपची 118 माजी सैनिकांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. त्रासदायक भावनांना तोंड देता येईल हा विश्वास वाढला. आत्महत्येच्या विचारांची तीव्रता मात्र तुलना गटापेक्षा लक्षणीय कमी झाली नाही. 2019 च्या एका पाहणीत 69 अ‍ॅप तपासली गेली. शिफारस केलेले सहाही उपाय फक्त 5 अ‍ॅपमध्ये सापडले. काहींमध्ये तर हेल्पलाइनचे नंबरच चुकीचे होते.

आपल्याकडे या इतिहासात कायद्याचंही एक पान आहे. कलम 309 खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पण सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये वैध ठरवलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 हे 29 मे 2018 पासून लागू झालं आणि असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरणं सुरू झालं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुनं कलम तसं राहिलं नाही. सांगा, पोलिसांची भीती असताना स्वतःच्या अक्षरात प्रामाणिक योजना कोण लिहील?

मी हे तळ्यात, घरच्या पडवीत बसून लिहितोय. एका अ‍ॅपमधली 'मन वळवणाऱ्या जागा' ही पायरी भरायला घेतली, तर पर्याय होते कॅफे आणि जिम. इथे बाजारपेठ आहे, एस.टी. स्टँड आहे, देऊळ आहे. 'मदत मागायची माणसं' या रकान्यात अडकलो. गावात सगळे ओळखीचे, म्हणूनच सांगायची चोरी. आणि अर्ध्या घरांतली कमावती माणसं मुंबईला. भाषांतर करून हा रकाना भरत नाही.

याला एक जवळचं उत्तर नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सापडतं. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्राने 41 गावांत 'आत्मीयता' हा प्रकल्प राबवला. तो सुरक्षा योजनेचा प्रकल्प नव्हे. पण तिथे स्मार्टफोन गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकाच्या हातात होता. तो लघुपट दाखवायचा, मग शेजारी बसून ऐकायचा. म्हणजे फोनही होता, माणूसही होता.

सरकारची टेलिमानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, तिचं अ‍ॅप 2024 मध्ये आलं. त्यामुळे तुमच्यासाठी विषय भरपूर आहेत. फक्त 'अ‍ॅप उपयोगी आहे का?' असा प्रश्न घेऊ नका. कोणती पायरी, कोणाच्या भाषेत, मागे कोण माणूस आणि मोजणार काय, हे आधी ठरवा. डाउनलोडची संख्या म्हणजे वाचलेले जीव नव्हेत.

आणि शेवटचं. या विषयावर वाचताना तुमचं स्वतःचं मन जड झालं, तर प्रबंध थांबू शकतो. 14416 वर फोन करा, दिवसरात्र कधीही, मराठीत बोला. नाहीतर जवळच्या एका माणसाला आजच सांगा.