मलमलीच्या पिंजऱ्यातले लोखंड

पावसाळ्यात शनिवारी संध्याकाळी पुसून ठेवलेला लेथ सोमवारी सकाळी नीट न्याहाळावा. गंज सगळीकडे सारखा धरलेला नसतो. टेलस्टॉक सरकवताना घामट हात टेकला होता, तिथे बोटांचे ठसे तांबूस उमटलेले दिसतात. ग्राइंडरकडच्या बाजूला बारीक ठिपके असतात. तिथून वीतभर पलीकडे बेड लख्ख. शेड तीच, दमट हवा तीच, लोखंडही तेच. मग गंज असा निवडून का बसतो?

या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात हळूहळू हाती आले. गंजणे ही विजेचा प्रवाह वाहवणारी रासायनिक क्रिया आहे, हे अमेरिकेत विलिस व्हिटनी यांनी १९०३ साली मांडले. पुढे केंब्रिजला युलिक इव्हान्स यांनी लोखंडाच्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून ती क्रिया डोळ्यांना दाखवली. थेंबात त्यांनी रंग बदलणारी रसायने मिसळली होती. कडेला गुलाबी रंग आला आणि मधोमध निळा. कडेला हवेतला ऑक्सिजन मिळतो, मध्यभागी तो कमी पोचतो आणि लोखंड विरघळते ते नेमके मध्यभागी. टेलस्टॉकखाली किंवा बेडवर विसरलेल्या ओल्या फडक्याखाली खड्डे का पडतात, ते या थेंबावरून कळते.

पण बंद शेडमध्ये थेंब कुठे असतो? इथे मला ज्यांचे काम सर्वांत मोलाचे वाटते ते डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन येतात. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये त्यांनी लोखंडाचे तुकडे खोलीतल्या हवेत उघडे ठेवले आणि तसेच काही तुकडे पातळ मलमलीच्या पिंजऱ्यात ठेवले. मलमलीतून हवा जाते, वाफ जाते, ऑक्सिजन जातो. अडते ती फक्त धूळ. उघड्या तुकड्यांवर गंज चढला, पिंजऱ्यातले महिनोन्‌महिने स्वच्छ राहिले. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो. हवेतल्या ओलीला लोखंडावर पाय रोवायला जागा लागते, आणि ती जागा धुळीचा कण देतो.

१९३५ साली व्हर्नन यांनी हवेतली आर्द्रता पायरीपायरीने वाढवत नेली. हवा स्वच्छ असेल तर आर्द्रता ९९ टक्क्यांवर जाऊनही गंज नाममात्र. मग त्यांनी हवेत शंभरात एक शतांश इतकाच सल्फर डायऑक्साइड, म्हणजे कोळशाच्या धुरातला गंधकवायू, मिसळला. सुमारे ६० टक्के आर्द्रतेपर्यंत फारसे काही घडले नाही. ती ओलांडली आणि गंज एकदम उसळला. कोळशाचे कण सोबत असले की तो आणखी वाढे. लेथशेजारी भट्टी नको असे जुने कारागीर सांगत, त्याला इथे प्रयोगाचा आधार मिळाला. यंत्रे साठवताना आर्द्रता ५०-६०च्या खाली ठेवा, या शिफारशीमागेही हेच काम आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने राखीव जहाजे टिकवली ती आतली हवा यंत्रांनी कोरडी ठेवूनच.

आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडची हवा अशी कोरडी करणे परवडणारे नाही. पण हवा बदलता आली नाही तरी लोखंड उबदार ठेवता येते. बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता आहे असे धरू. तीच हवा ३४ अंशांवर गेली की आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर उतरते. वाफ तेवढीच, फक्त सहा अंशांचा फरक. म्हणून मशीनच्या कपाटात रात्रभर जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब लावून ठेवण्याची युक्ती खरी आहे. मात्र आच लोखंडाला लागली पाहिजे. छताला टांगलेल्या दिव्याचा उपयोग नाही. उलट, याच हवेत लोखंड २५ अंशांच्या खाली असले तर त्याला पाणी सुटते. जड मशीन सावकाश तापते. सकाळी शटर उघडून बाहेरची ऊबदार दमट हवा आत घेतली की ओल धरते ती म्हणूनच.

कोकणात आणि गोव्यात मात्र साठाचा आकडा पुरत नाही. समुद्राकडून येणाऱ्या खारात मॅग्नेशियम क्लोराइड असते आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच हवेतले पाणी ओढून घेऊ लागते. अशा शेडमध्ये खारावर तेल चोपडले तर खार तेलाखाली दबून तसाच राहतो. आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने बेड पुसावा, लगेच कोरडा करावा आणि मगच पातळ तेल लावावे. गाडीच्या इंजिनातून काढलेले काळे ऑइल मुळीच नको. त्यात इंधन जळताना तयार झालेले आम्ल असते.

झाकण्याच्या बाबतीत तर व्हर्नन यांचा पिंजरा अगदी जशाच्या तसा उचलावा. प्लास्टिकचा कागद गच्च गुंडाळला की आत अडकलेली वाफ रात्री लोखंडावरच उतरते. सुती कापड चालते, पण ते बेडला चिकटून राहता कामा नये. ओले झाले की तेच इव्हान्सचा थेंब होते. लाकडी पट्ट्यांची साधी चौकट करून तिच्यावर कापड ताणावे, लोखंडापासून चार बोटे अंतर ठेवावे. धूळ साचली की कापड धुऊन, कडकडीत वाळवून पुन्हा चढवावे.