उपाशी पोटी दारू, उतरताना उदासी : खाण्याचे विकार असलेल्या महिलांना दुहेरी धोका

दिवसभर जेवण टाळायचं आणि वाचलेल्या कॅलरीत संध्याकाळी दोन पेग बसवायचे, असा हिशेब खाण्याचे विकार असलेल्या काही महिला करतात. शरीरात हा हिशेब उलटा पडतो. एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात, पोषण मात्र शून्य.

विकार कोणते?
वजनाच्या भीतीने अन्न तोडणे म्हणजे ॲनोरेक्सिया. थोड्या वेळात भरमसाट खाऊन नंतर मुद्दाम उलटी करणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे म्हणजे बुलिमिया. १९७९ मध्ये लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी या आजाराला हे नाव दिले. भरमसाट खाणे, पण उलटी नाही, हा तिसरा प्रकार म्हणजे बिंज ईटिंग. बुलिमियात वजन बहुधा साधारणच असते, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. दारूचे व्यसनही नुसते अन्न तोडणाऱ्यांपेक्षा खाणे-उलटीच्या चक्रात अडकलेल्यांत जास्त दिसते.

लवकर का चढते?
पोट रिकामे असले की दारू झटकन लहान आतड्यात उतरते आणि तिथून रक्तात. महिलांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असते. त्यामुळे तेवढ्याच पेगने रक्तातील अल्कोहोल जास्त वाढते. वजन घटलेले असेल तर आणखीच.

मनाचे काय होते?
नशा चढताना हलके वाटते, शरीराची लाज आणि वजनाची चिंता मागे पडते. उतरताना उदासी, चिडचिड, अपराधीपणा येतो. नशेत ताबा सुटून भरपूर खाल्ले जाते, मग उलटी, दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. मन उदास झाले की पुन्हा खाण्याकडे नाहीतर बाटलीकडे हात जातो. अशा वेळी स्वतःला इजा करण्याचा धोकाही वाढतो.

जिवावर कधी बेतते?
वारंवार उलट्यांमुळे पोटॅशियम घटते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उपाशी माणसाच्या यकृतातला साखरेचा साठा आधीच संपत आलेला असतो आणि दारू यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. मग रक्तातली साखर एकदम उतरते. म्हणून बेशुद्ध पडलेल्या बाईला ‘चढलीय, झोपू दे’ म्हणून सोडू नये. कुशीवर वळवून लगेच दवाखान्यात न्यावे.

घरच्यांनी काय करावे?
टोमणे मारू नयेत, ताटावर पहारा ठेवू नये. दारूच्या उपचाराला नेताना डॉक्टरांना खाण्याच्या सवयीही सांगाव्यात. एकच आजार सांगितला तर दुसरा तसाच राहतो. रोज पिणाऱ्यांनी दारू अचानक बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी.

बेळगाव भागातील रुग्णांसाठी धारवाडची डिमहान्स, तर गोव्यात बांबोळीचे मनोरुग्णालय या सरकारी संस्था आहेत. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर देशभरातून २४ तास मोफत बोलता येते, मराठीतूनही.